स्टॉर्नोवेचा अफूचा वाडा

जुन्या वाड्यांचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. वास्तुरचनाकार कोण, दिवाणखाना केवढा, मालकीणबाईंनी बाग कशी फुलवली, सगळं सांगून होतं. पैसा कुठून आला आणि तिथे आधी कोण राहत होतं, एवढंच राहून जातं. राहून कसलं, मुद्दाम गाळलं जातं! माझं भांडण या रीतीशी आहे, आणि त्यासाठी मी एकच घर पुढे ठेवतो: स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, स्टॉर्नोवे बंदरासमोर उभा असलेला लूज कॅसल.

नावाला कॅसल, पण लढाईशी याचा संबंध नाही. बुरुज आणि चऱ्या लावून किल्ल्याचं सोंग घेतलेलं हे एकोणिसाव्या शतकातलं घर. आराखडा ग्लासगोच्या चार्ल्स विल्सनचा. मालक जेम्स मॅथेसन. या गृहस्थाने १८४४ साली अख्खं लुईस बेटच १,९०,००० पौंडांना विकत घेतलं. माहितीपत्रकांत त्याला 'पूर्वेकडे व्यापार करून श्रीमंत झालेला' म्हणतात. व्यापार कसला? अफूचा! १८३२ साली कँटनमध्ये स्थापन झालेल्या जार्डिन मॅथेसन कंपनीतला हाच तो मॅथेसन. चीनमध्ये अफूला बंदी होती, म्हणजे धंदा उघडउघड चोरटा. १८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू याने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि १८४२ साली नुकसानभरपाईसह हाँगकाँग घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हा गोंयकारांना याचं काय? आहे ना! त्या पेट्यांत बंगालच्या अफूबरोबर माळव्याचीही अफू असे, होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकलेली. कंपनी सरकारचा कर चुकवायला ती कराचीमार्गे दमणला यायची आणि पोर्तुगीज बावट्याखाली मकावकडे जायची. मुंबईत या उलाढालीत जमशेटजी जीजीभॉय होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांत रोजेरियो द फारिया हा गोंयकारही होता. तेव्हा हा पापाचा पाढा वाचताना फक्त गोऱ्यांकडे बोट दाखवून चालणार नाही.

मॅथेसनचे कैवारी एक उत्तर नेहमी तयार ठेवतात. बटाट्याच्या रोगाने बेटावर दुष्काळ पडला तेव्हा त्याने धान्य आणलं, रस्ते बांधले, लोकांना काम दिलं. खरं आहे. त्याबद्दल त्याला बॅरोनेटचा किताबही मिळाला. पण त्याच १८५१ साली त्याचा कारभारी गावोगाव फिरून खंड थकलेल्या कुळांच्या याद्या करत होता, कॅनडाला कोणाला धाडायचं ते ठरवायला. पुढच्या चार-पाच वर्षांत सतराशेवर माणसं जहाजांत भरून पाठवली गेली. भाडं भाटकाराने दिलं, म्हणून तिलाही मदतच म्हणतात! मुंडकाराला घरातून काढून वर त्याच्या बैलगाडीचं भाडं भरलं, तर आपण भाटकाराला दानशूर म्हणू का?

या इतिहासात वाड्यापेक्षा मोठं काही असेल तर ती कुळं. १८७४ साली चराईच्या जमिनीवरून बर्नेराची कुळं मॅथेसनच्या कारभाऱ्याविरुद्ध उठली. शंभरावर माणसं पायी चालत थेट या वाड्यावर गाऱ्हाणं घेऊन गेली. तिघांवर खटला झाला आणि तिघेही निर्दोष सुटले. पुढे १८८६ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. आपल्या कूळ-मुंडकार कायद्यांसाठी झगडलेल्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

१९१८ साली बेट सनलाइट साबणवाल्या लॉर्ड लिव्हरह्यूमने घेतलं, आणि १९२३ साली वाड्यासह स्टॉर्नोवेचा परिसर लोकांच्या ट्रस्टकडे आला. नंतर तिथे कॉलेज भरलं. २०१६पासून आवारात वस्तुसंग्रहालय आहे. उत्तम झालं. घर पाडा असं मी मुळीच म्हणत नाही. घर राहू दे, पण त्याचा हिशेब पुरा मांडा: माळव्याचं बोंड, दमणचं बंदर, कँटनचा अफूबाज आणि कॅनडाच्या जहाजात चढवलेलं कूळ. झुंबरं आणि छत त्यानंतर दाखवा. आणि हाच प्रश्न आपल्याकडच्या 'वारसा' म्हणून मिरवणाऱ्या घरांच्या दारातही विचारायला लाजू नका.