पायाला बांधलेली चिठ्ठी

‘पेंढा भरलेला’ हे विशेषण आपण समीक्षेत बहुधा तुच्छतेने वापरतो. कादंबरीतील पात्रे निर्जीव वाटली की ‘पेंढा भरलेली पात्रे’ असे लिहून मोकळे होतो. ज्या कृतीवरून ही प्रतिमा आली त्या चर्मपूरणाचा, आणि त्याहून त्यावरील कायद्याचा, विचार साहित्याच्या प्राध्यापकाने करावा, याला एक निमित्त घडले.

एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाची जुनी काचकपाटे रिकामी करण्याचे ठरले. त्यांत धनेश, नीलपंख, घुबडे असे स्वातंत्र्यपूर्व काळातील काही पक्षी होते. ‘यांचे कागद आहेत का?’ असे कुणीतरी विचारले. कागद नव्हते. मग ‘नसती भानगड नको’ म्हणून एका रविवारी ते पक्षी मागच्या आवारात जाळण्यात आले. पायांना बांधलेल्या, फिकट शाईतल्या चिठ्ठ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. जुन्या कातड्यांना सोमलाचा लेप देत असत, हेही त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार परवान्याशिवाय चर्मपूरणाचा व्यवसाय करता येत नाही. संरक्षित वन्य पक्षी मृतावस्थेत सापडला तरी तो शासनाची मालमत्ता ठरतो, आणि ज्याच्या हाती तो येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. जुन्या वस्तू घोषित करण्यासाठी २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली गेली होती. तीही केव्हाच संपली. सार्वजनिक संग्रहालयांना घोषणेच्या अटीतून सूट आहे. परंतु महाविद्यालयातील काचकपाट म्हणजे सार्वजनिक संग्रहालय काय, हा प्रश्न प्राचार्य स्वतःलाच विचारतात आणि ‘नाही’ असे उत्तर स्वतःच देऊन टाकतात. वस्तुतः तो पक्षी शासनाचा असेल, तर तो जाळण्याचा अधिकार तरी त्यांना कुठून आला?

कायदा सैल करावा, असे मी म्हणत नाही. ‘मेलेलाच सापडला’ एवढी सबब पुरेशी मानली, तर दिवाणखान्याच्या शोभेसाठी मारलेला प्रत्येक पक्षी ‘सापडलेला’ ठरेल. मेलेल्या पक्ष्याकडे पाहून तो कसा मेला हे सांगणे बहुधा अशक्य असते; म्हणूनच कायदा कागद मागतो. माझा आक्षेप कागद मागण्याला नाही, कागद नाही म्हणून वस्तूच नाहीशी करण्याला आहे.

चिठ्ठीचे मोल काय असते, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर खात्रीलायकपणे कुणाला आढळले नव्हते. अपवाद एकच: रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या संग्रहातील, गुजरातमधील मांडवीचा आणि १९१४ सालचा म्हणून नोंदलेला नमुना. पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातला, लंडनच्या संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे दिसून आले. मांडवी बाद झाली. उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना ही कथा परकी वाटू नये. प्रक्षिप्त ओवी वगळल्यावरच संहितेचे मूळ रूप दिसू लागते, तसेच हे झाले. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, शक लिहून ठेवतो. पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी तेच काम करते. ती तोडली की उरतो तो खरोखरच पेंढा. उद्या एखाद्या पोथीच्या मालकीचा कागद नाही म्हणून कुणी ती चुलीत घातली, तर आपण गप्प बसू काय?

म्हणून शासनाकडे मागणे एवढेच. शैक्षणिक संस्थांतील जुन्या नमुन्यांसाठी दंडाच्या धाकाविना एकदाच नोंदणीची संधी द्यावी. मालकी शासनाची राहू द्यावी, सांभाळ संस्थेकडे असावा. आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांच्याकडील पक्षी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या जाणत्या संग्रहाकडे जावेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन विभागाच्या अखत्यारीत चर्मपूरण केंद्र आहे. म्हणजे शासनाला ही विद्या वर्ज्य नाही. आणि हे सारे होईपर्यंत प्राध्यापकांनी निदान चिठ्ठ्या उतरवून घ्याव्यात, छायाचित्रे काढून ठेवावीत. त्याला कोणाचाही परवाना लागत नाही.

त्या रविवारी जळालेल्या घुबडांपैकी एखादे रानपिंगळ्याचे होते का? असण्याचा संभव फारच थोडा. पण ‘नव्हते’ असे आता कुणालाच म्हणता येणार नाही.