वाचकाचा आवाज आणि यंत्राचा कान

१८४८ सालापासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून गोपाळ हरी देशमुखांची पत्रे ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने प्रसिद्ध होऊ लागली. त्या ‘शतपत्रां’नी मराठी समाजाला अंतर्मुख केले. वृत्तपत्र हे संपादकाइतकेच पत्रलेखकाचेही असते, हा धडा आमच्या व्यवसायाला तेव्हाच मिळाला आहे. आज त्याचा विसर पडू लागला आहे काय?

सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायत भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील अनेकांना महाराष्ट्राचे वर्तमान आता मोबाइलवरच कळते, आणि बातमीखालची प्रतिक्रियेची चौकट हेच त्यांचे संपादकाला लिहावयाचे पत्र. हे पत्र वाटेतच नाहीसे होते, आणि का, हे कोणी सांगत नाही.

दोष बव्हंशी यंत्राच्या घडणीत आहेत. ‘लक्ष्मी’ हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरांचा. संगणकाच्या लेखी तो सात चिन्हांचा असून प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत २१ बाइट जागा घेतो. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो. साहजिकच बाइटांवर मर्यादा घातलेल्या चौकटीत मराठी मजकूर अर्ध्यावरच तुटतो. जुन्या व्यवस्थांत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो व त्यांतील एकीत अदृश्य जोडचिन्ह असते. साफसफाईच्या नावाखाली ते गाळले, की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना पोचते!

शिवीगाळ रोखणारी चाळणीही अशीच आंधळी. १९९६ साली इंग्लंडातील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना एका अमेरिकी कंपनीच्या यंत्राने नोंदणी नाकारली. कारण गावाच्या नावात एक अश्लील शब्द दडलेला आढळला. निरपराध असा अडतो. शिव्या देणारा मात्र अक्षरांमध्ये एखादा ठिपका घालून किंवा रोमन लिपीचा आश्रय घेऊन सहीसलामत निसटतो.

संपादकांची अडचण आम्ही जाणतो. गलिच्छ मजकुराचा लोंढा खरा आहे आणि कायद्याची टांगती तलवारही खरी आहे. वाचकांच्या प्रतिक्रियांबद्दल एस्टोनियातील ‘डेल्फी’ या वृत्तसंस्थळाला जबाबदार धरणे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१५ साली योग्य ठरविले. त्याआधीच, २०१४ साली, ‘रॉयटर्स’ने बातम्यांखालील प्रतिक्रिया बंद केल्या होत्या. परंतु दार लावून घेणे हा उपाय नव्हे. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुराबद्दल अटक झाली, तेव्हा देश हळहळला. ज्या ६६-अ कलमाचा तेथे वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले. सरकारविरुद्ध दाद मागावयास न्यायालय आहे. यंत्राने मुकाट्याने केलेल्या मुस्कटदाबीविरुद्ध दाद कोठे मागावी?

म्हणून आमची अपेक्षा साधी आहे. व्यवस्था मराठीत पारखून घ्यावी, केवळ इंग्रजीत नव्हे. पत्र नाकारल्यास कारण कळवावे. अंतिम निवाडा मराठी जाणणाऱ्या माणसाने करावा. टोपणनाव चालेल, मात्र लेखक कोण हे संपादकाला ठाऊक असावे. यासाठी पैसा लागेल, हे खरे. परंतु वाचकाकडून केवळ वर्गणी घ्यावयाची आणि त्याचे म्हणणे ऐकावयाचे नाही, हा व्यवहार फार काळ टिकणार नाही. डिंडोलीचा गिरणी-कामगार मराठीत दोन ओळी लिहितो, तेव्हा तो आपली भाषा परमुलखात जिवंत ठेवीत असतो. त्या दोन ओळी जशाच्या तशा पोचविणे, एवढे तरी आमच्या व्यवसायाचे कर्तव्य आहे.