शेतावर आलेलें मूल : पाहुणा कीं विद्यार्थी ?

अलीकडे आपल्यापैकीं कित्येक शेतकरी बंधूंनीं शेतावर पाहुण्यांची सोय करून जोड-उत्पन्न मिळविण्यास आरंभ केला आहे. २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केल्यामुळें या धंद्यास राजमान्यताही मिळाली. हुरड्याच्या दिवसांत शहरांतील शाळांच्या मोटारी भरभरून येतात. पिकानें दगा दिला तरी चार पैसे हातीं लागण्याचा हा सरळ मार्ग आहे. तो वाढावा, अशीच आमची इच्छा आहे. परंतु 'शैक्षणिक सहल' या नांवाखालीं मुलांच्या पदरांत आपण काय टाकतों, याचा विचार होणें अवश्य आहे.

बहुतेक ठिकाणीं बैलगाडीची एक फेरी, झाडाला बांधलेला झोका, हुरडा, पिठलें-भाकरी आणि बैलाशेजारीं उभें राहून काढलेलें छायाचित्र, एवढ्यावर दिवस संपतो. यांत वाईट कांहीं नाहीं. पण मुलाचे हात मातीस न लागतां तें परत गेलें, तर तें जत्रेस आलें होतें, शिकावयास नव्हे.

हातांनीं काम करून शिकावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याची योजना मांडली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें सुरू केलेलें बालशिक्षणाचें कार्य पुढें कोसबाडच्या टेकडीवर नेलें, आणि गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं शाळाच कुरणावर नेली. मुंबईत मिठी नदीच्या कांठीं, जेथें पूर्वीं शहराचा कचरा पडे, त्या सुमारें ३७ एकर जागेंत झाडें वाढवून १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलें झालें. शहरानें उकिरड्यावर मुलांसाठीं रान उभें केलें. आपल्यापाशीं तर शेत तयारच आहे. मुलांस त्यांत काम तेवढें द्यावयाचें आहे.

काम असें असावें कीं त्याचा कांहीं निकाल निघेल. प्रस्तुत लेखकाच्या शेतावर तीन कामें ठेवलेलीं आहेत. पहिलें, हरभऱ्याचें रोप न उपटतां खुरप्यानें मातीसकट काढावयाचें, मुळ्या पाण्यांत हलक्या हातानें धुवावयाच्या आणि त्यांवरील गांठी नखानें फोडून पाहावयाच्या. आंत तांबूस रंग दिसला म्हणजे हवेंतील नत्र घेण्याचें काम चालू आहे असें समजावें. दुसरें, दोन निरनिराळ्या शेतांची माती कांचेच्या दोन बरण्यांत पाण्याबरोबर घुसळून ठेवावयाची. वाळू तेव्हांच तळाशीं बसते, चिकण माती मात्र फार वेळ पाणी गढूळ ठेवते. जमीन हलकी कीं भारी, हें मुलें डोळ्यांनीं पाहतात. तिसरें, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडून त्याची गुंडाळी करावयाची. ही गुंडाळी मुलांनीं शाळेंत न्यावी, सावलींत ठेवून ओली राखावी आणि आठवड्याच्या आंत चांगले उगवलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणें पेरणीस योग्य.

गेल्या फाल्गुनांत एका तुकडीनें नेलेल्या गुंडाळींत बावन्नच दाणे उगवल्याचें शिक्षकांनीं कळविलें. मुलांच्या मोजणींत चूक असेल, असें वाटून मीं स्वतः दोनदां चाचणी घेतली. पहिल्या खेपेस पन्नास, दुसऱ्या खेपेस चोपन्न. मळणींत मार बसलेलें तें घरचें बियाणें होतें. तें पेरलें असतें, तर आषाढांत दुबार पेरणीचा प्रसंग आला असता. दहा वर्षांच्या मुलांनीं माझा हंगाम वांचविला, हें सांगण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. त्या मुलांसही शेकडेवारी कशास शिकावी, तें पुन्हां सांगावें लागणार नाहीं.

अर्थात् कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. औषधांची खोली कुलुपांत असावी. नुकत्याच फवारलेल्या पिकांत मुलांस नेऊं नये. विहिरीस कठडा असावा. आणि तुकड्या लहान कराव्या. कपडे मळतील, ही तक्रार येईलच. तें शाळेस आधींच कळवावें.

शेवटीं एक गोष्ट मनास लागते. शहरचें मूल पैसे भरून माती हातांत घेतें. आणि आपल्या घरच्या मुलास आपण काय सांगतों? "शीक, नाहीं तर ढेकळें फोडावीं लागतील." ज्या धंद्याचा धाक घालून मुलास शिकविलें, तो धंदा त्यानें पुढें मानानें करावा, ही अपेक्षा कशी धरावी? म्हणून ज्यांनीं शेत पाहुण्यांस खुलें केलें आहे, त्यांनीं महिन्यांतून एक दिवस गांवच्या शाळेस तें विनामूल्य खुलें करावें, आणि पहिली गुंडाळी आपल्याच मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं द्यावी. खर्च शंभर दाण्यांचा आहे.