शिस्तीच्या नावाखाली हकालपट्टी

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी हे एकेकाळचे खेडे आहे. तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट महामंडळाने तेथे माहिती-तंत्रज्ञान उद्योगांची वसाहत उभारली. देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, शिकलेले तरुण तेथे नोकरीस गेले. इमारती उभारण्यास परप्रांतीय मजूर आले. तेथून थोड्याच अंतरावर, मुट्टुकाडू येथे, बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था २००५ पासून काम करीत असून तेथे विशेष शिक्षकही तयार होतात. म्हणजे या परिसरात पैसा आहे, ज्ञान आहे आणि प्रशिक्षण देणारी यंत्रणाही आहे. तरीही नोकरीसाठी तेथे आलेल्या कुटुंबातील मूल स्वमग्न किंवा अतिचंचल असेल, तर त्याला शाळेत टिकवावे कसे, हा प्रश्न आईबापांनी एकट्यानेच सोडवावा अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे. सिरुसेरीचा हा प्रश्न पिंपरी-चिंचवडचाही आहे आणि नागपूरचाही.

अशा मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी हकालपट्टीचा हुकूम काढावा लागत नाही. मूल वर्गात ओरडले, बाकावरून उठून पळाले, शेजारच्या मुलाला त्याने ढकलले, की पालकांना बोलावणे जाते. मग ते रोज जाऊ लागते. रोजंदारीवरच्या आईचा रोज बुडतो. अखेर ‘तुमच्या मुलासाठी दुसरी शाळा पाहा’ असा सल्ला मिळतो आणि पालक स्वतःच दाखल्यासाठी अर्ज करतात. कागदोपत्री सर्व काही स्वेच्छेने झालेले असते.

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तमिळनाडूने तर २००३ सालीच आपल्या शिक्षण नियमावलीतून छडीला रजा दिली होती; तरीही २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयाला शारीरिक शिक्षा बंद करण्याबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी करा, असा आदेश द्यावा लागला. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षे वयाच्या, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी करण्याचे बंधन शाळांवर घातले.

परंतु या कायद्यांत तीन भगदाडे आहेत. आठवीनंतर हकालपट्टीविरुद्धचे स्पष्ट संरक्षण संपते. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो मुलाचा हक्क असताना शाळेची पळवाट बनू शकतो. आणि २०१६ च्या कायद्याचे कलम ३ भेदभावास मनाई करतानाच, ‘वैध उद्दिष्टासाठी योजलेला प्रमाणशीर उपाय’ असेल तर त्यास मोकळीक देते. शाळेची शिस्त हे वैध उद्दिष्ट नाही, असे कोण म्हणेल? मुलाचे वर्तन त्याच्या अपंगत्वातून आले काय, शाळेने द्यावयाची मदत दिली होती काय, हे शिक्षेपूर्वी तपासण्याचे बंधन यांपैकी एकाही कायद्यात नाही.

हे बंधन अशक्य कोटीतले नाही. भांडवलशाहीचा बालेकिल्ला असलेल्या अमेरिकेत ते पालकांनी आणि अपंगांनी झगडून मिळविले. १९७२ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयाने निर्णय दिला, की निधीच्या तुटवड्याचा भार अपंग मुलांवर इतरांपेक्षा अधिक टाकता येणार नाही. १९७५ साली कायदा झाला. १९७७ साली सॅनफ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत अपंग निदर्शकांनी सुमारे चार आठवडे ठिय्या दिला. १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांना दहा दिवसांहून अधिक काळ एकतर्फी बाहेर ठेवण्याचा शाळांचा अधिकार नाकारला. पुढे १९९७ च्या दुरुस्तीने, वर्तन अपंगत्वातून उद्भवले काय याची पालकांसह तपासणी सक्तीची केली. तरीही तेथे कृष्णवर्णीय अपंग मुलांनाच अधिक प्रमाणात निलंबित केले जाते. वर्ग आणि वर्ण यांची विषमता कायम असता केवळ कायद्याने न्याय होत नाही, हा धडाही त्यातून घेतला पाहिजे.

आणि म्हणूनच प्रश्न शेवटी शिक्षकाशी येऊन थांबतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला दोषी ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा अपंग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरविले. २०२५ साली राज्यांना पदे मंजूर करण्यास पुन्हा बजावावे लागले. महाराष्ट्र सरकारने ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांचा निर्णय २०२४ साली, वर्षानुवर्षे कंत्राटी माणसांवर काम भागविल्यानंतर घेतला. तिकडे तमिळनाडूने पीएम-श्री योजनेच्या करारावर सही करण्यास नकार देताच केंद्राने समग्र शिक्षा योजनेचे २०२४-२५ चे २,१५२ कोटी रुपये अडवून धरले. विशेष शिक्षकांचे मानधन याच योजनेतून निघते. केंद्राशी मतभेद राज्य सरकारचा, शिक्षा मात्र अपंग मुलाला! बेशिस्त कोणाची, हे जनतेने ठरवावे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अपंग विद्यार्थ्यावर शिस्तीची कारवाई करण्यापूर्वी पालक आणि विशेष शिक्षक यांच्यासह तपासणी सक्तीची करा. ती पूर्ण होईपर्यंत मूल आपल्या वर्गातच राहील, अशी हमी द्या. हकालपट्टीविरुद्धचे संरक्षण बारावीपर्यंत वाढवा. विशेष शिक्षकांना कायम करा. शाळा-व्यवस्थापन समित्यांतील, शिक्षक संघटनांतील आणि कामगार वस्त्यांतील साथींनी आपल्या भागात अशी किती मुले ‘स्वेच्छेने’ शाळेबाहेर गेली, याची घरोघर जाऊन नोंद करावी. ज्या मुलाचे नाव हजेरीपटावरून गुपचूप पुसले गेले, त्याचे नाव जाहीरपणे परत लिहून घेणे, येथूनच या लढ्याची सुरुवात झाली पाहिजे.