एसीएलएसच्या तयारीबद्दल, कॅज्युअल्टीतून

प्रति,
सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि रुग्णालयांत प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी



मी एका उपजिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत पन्नाशीतला एक माणूस छातीत दुखतंय म्हणत स्वतःच्या पायांनी कॅज्युअल्टीत आला आणि ईसीजी काढता काढता कोसळला. मॉनिटरवर व्हीएफ, म्हणजे हृदयाची नुसती थरथर. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दोनच महिन्यांपूर्वी एसीएलएसचं प्रशिक्षण घेतलं होतं, मीही घेतलं होतं. शॉक द्यायचा, लगेच दोन मिनिटं छाती दाबायची, मग रेष बघायची. क्रम दोघांनाही तोंडपाठ होता. पण प्रशिक्षणातला डिफिब्रिलेटर वेगळ्या बनावटीचा होता. आमच्या यंत्रावर ज्यूल कुठून वाढवायचे, हे शोधण्यात वेळ गेला. तोवर वॉर्डातले मामा एकटेच छाती दाबत होते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते दमले आणि दाब उथळ होत गेला. पुढे अ‍ॅड्रेनलिन द्यायची वेळ आली, तेव्हा ते दुसऱ्यानं दिलं असं आम्हा दोघांनाही वाटलं.

तो माणूस गेला. बाहेर बाकावर त्याची बायको त्याच्या चपला हातात धरून बसली होती.

व्हीएफमध्ये छाती न दाबता, शॉक न देता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. तो वेगळ्या तयारीच्या रुग्णालयात असता तर वाचला असता का, हे मला सांगता येणार नाही. आम्ही मात्र तयार नव्हतो, एसीएलएसचं कार्ड खिशात असूनही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनचं ते कार्ड दोन वर्षं चालतं. शिकलेले हात मात्र तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे आकडे डोक्यात राहतात, मनगटात राहत नाहीत. प्रशिक्षणाआधीची तयारीही अशीच कच्ची. आदेश आदल्या दिवशी हातात पडतो, पुस्तक प्रवासात चाळलं जातं. लेखी परीक्षेला ८४ टक्के लागतात, त्यामुळे सगळा जीव उत्तरं पाठ करण्यात जातो. किमान महिनाभर आधी कळवा आणि तेवढ्या दिवसांत रोज दोन ईसीजी पट्ट्या वाचून घ्या. सरळ रेषेला शॉक द्यायचा नसतो, आणि मॉनिटरवर ठोके नीट दिसत असतानाही नाडी नसू शकते, हे कोर्सच्या दिवशी पहिल्यांदा ऐकायची गोष्ट नव्हे.

शिकवताना मराठी वापरा. औषधांची नावं इंग्रजीत राहू देत, पण कारण आपल्या भाषेत कळलं तर नवी सिस्टर शंका विचारते. इंग्रजीत ती नुसती मान हलवते. आणि मामा-मावशींना बाहेर ठेवू नका. छाती दाबायला पदवी लागत नाही. रात्री दोनला तिथं हजर असतात ती हीच माणसं. ‘अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम द्या’ म्हटलं की ‘एक मिलिग्रॅम दिलं, दोन वाजून दहा मिनिटं’ असं मोठ्यानं उत्तर आलंच पाहिजे, ही सवय एकट्यानं लागत नाही. सगळी पाळी मिळून लागते.

परदेशी कार्डाची फी परवडत नसेल, तर इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचा सीसीएलएस आहे, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२१ मध्ये सुरू केलेला एनईएलएस आहे. कुठलाही निवडा. पण त्यानंतरचा सराव आमच्याच वॉर्डात, आमच्याच क्रॅश कार्टवर आणि आमच्याच यंत्रावर व्हावा. महिन्यातून पंधरा मिनिटं पुरतील. ती ड्युटीतच धरा आणि रजिस्टरमध्ये त्यांची नोंद होऊ द्या.

त्या रात्रीनंतर आम्ही आपापलं सुरू केलंय. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाळी बदलताना डिफिब्रिलेटरची बॅटरी तपासतो, कार्टचे कप्पे डोळे मिटून ओळखतो आणि टेबलावर उशी ठेवून आळीपाळीनं दाब देतो. मामा मोजतात. आम्हाला एक मॅनिकिन हवाय. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, ते उशीवर हाताला कळत नाही.

आपली,
एक परिचारिका