बैलाला डॉक्टर, धन्याला पायाळू!

बैल लंगडायला लागला की आपण त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर गाठतो. पण घरच्या धन्याची कंबर धरली तर? "उसण भरलीय, पायाळूची लाथ मारून घ्या," असा सल्ला मिळतो. कुणी बिब्ब्याचा डाग देतो, कुणी मणका चोळून देतो. शेवटी फोटो काढायचा आणि "मणक्यात गॅप आहे" हे ऐकून हाय खायची!

शेतकरी बंधू-भगिनींनो, कंबरेवर भार काय थोडा पडतो? 16 लिटरच्या पंपात पाणीच 16 किलो, पंपाचे वजन वेगळे. खताच्या गोण्या, उसाच्या मोळ्या आहेतच. बायाबापड्या तर दिवसभर वाकून खुरपतात.

साधी पाठदुखी बहुतेकांची महिना-दीड महिन्यात उतरते. अंथरूण धरू नये, बेताने हिंडते-फिरते राहावे. 'गॅप' म्हणजे बहुधा वयोमानाने झिजलेली गादी. काहीच दुखत नाही अशांच्या फोटोतही ती दिसते. तेवढ्यावरून ऑपरेशनची धास्ती नको.

मात्र कळ गुडघ्याखाली उतरली, पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली, तर दिवस घालवू नयेत. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप आणि घटते वजन ही मणक्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येते. अशा वेळी पायाळूची लाथ म्हणजे आगीत तेल.

खर्चाला भिऊन बरेच जण घरी बसतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन त्याला आधी विचारावे. माझे तर स्पष्ट मत आहे, की सरकारी रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहावे. माहिती नसल्यामुळेच माणूस चार ठिकाणी भटकतो, पैसाही जातो.

आणि कामाची रीतही बदला. भरलेला पंप जमिनीवरून उचलू नका, ओट्यावर ठेवून पाठीला लावा. वाकून खुरपण्याऐवजी जमेल तिथे सायकल कोळपे चालवा. गोणी दोघांनी धरा. यात कमीपणा कसला?