शब्द कोणाचा, घाव कोणावर?



या वेळचं संपादकीय लिहायला मला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले. कारण जे लिहायचं आहे, त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

८ मार्चच्या तयारीसाठी आम्ही दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. कॉलेजच्या मुली होत्या, वस्तीतल्या बचतगटांच्या बायका होत्या, धंदा करणाऱ्या काही जणीही आल्या होत्या. मुलींच्या गटाने एक पथनाट्य बसवलं. त्याच्या शेवटी सगळ्या जणी एका ओळीत उभ्या राहून ओरडायच्या, "रात्री उशिरा घरी येते म्हणून मी रांड? मग हो, आहे मी रांड!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही जोरात टाळ्या वाजवल्या. वाटलं, जो शब्द ऐकून आपल्या आया मान खाली घालून घरात शिरायच्या, तो या पोरी मान वर करून बोलताहेत. आणखी काय हवं?

जेवणं झाल्यावर धंदा करणारी एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. तीन वर्षं ती आमच्या बैठकांना येते, पण मोठ्याने फारसं बोलत नाही. म्हणाली, "ताई, नाटक चांगलं झालं. पन त्या पोरी तो शब्द बोलल्या आन् ताट घेऊन जेवायला बसल्या. माझी पोरगी शाळेतनं येती तवा तो शब्द तिच्या मागनं घरापातूर येतो. तिला तो खाली ठेवता येत न्हाई."

मी म्हटलं, "अहो, पण मुली तुमच्याच बाजूने बोलत होत्या."

"माझ्या बाजूनं? मग मला इचारलं का न्हाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला 'वेश्या' म्हणायचं नाही, 'देहविक्रय करणारी स्त्री' म्हणायचं, असं शिकवलं गेलं. पुढे चळवळीत आल्यावर शिवी निर्भयपणे उच्चारणं हेच धाडस, असं मी मानू लागले. या दोन्ही वेळा जिच्याबद्दल बोलायचं तिला विचारावं असं मला सुचलं नव्हतं.

शिवी कोण देतं यावरून ती चालेल की नाही हे ठरतं का? हा प्रश्न आपल्या अनेक गटांतून वारंवार येतो. त्यावर दोन तयार उत्तरं दिली जातात.

पहिलं उत्तर असं की वाईट शब्द तो वाईटच, कोणीच बोलू नये. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. दोन पुरुषांच्या भांडणात नसलेल्या बाईच्या देहाची विटंबना का, हा प्रश्न एका गावाने ग्रामसभेत घेतला, याचं आपण मनापासून स्वागत केलं पाहिजे. पण शब्दांवरच्या बंदीने सगळं भागत नाही. 'रांड' हा शब्दच पाहा. मूळ अर्थ विधवा. रांडपण म्हणजे वैधव्य, रंडकी म्हणजे नवरा मेलेली. जिचा मालक मेला ती सगळ्यांची, हा पुरुषप्रधान समाजाचा हिशेब. त्यातून विधवेचा शब्द वेश्येचा झाला आणि पुढे कुठल्याही बाईच्या तोंडावर फेकायचा झाला. मग विधवेसाठी सभ्य शब्द वापरला की प्रश्न मिटला का? २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा स्त्री-संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. शब्द पवित्र होता, पण बाईची ओळख मेलेल्या नवऱ्यावरूनच ठरत होती. शिवीचं काम असं ओवाळूनही करता येतं.

आणि सभ्यतेचा आग्रह बहुतेक वेळा बाईलाच धरला जातो, हेही विसरायला नको. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तेव्हा त्यांच्या धारदार भाषेवर टीका झाली. महात्मा फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ताराबाईंची भाषा कडक होती, पण तिचा रोख सत्ता असणाऱ्यांवर होता. तेव्हा आपण गोड बोलावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

दुसरं उत्तर असं की आपल्यावर फेकलेला शब्द आपण उचलला की तो आपला होतो, मग आपल्यापैकी कोणीही तो बोलावा. यात तथ्य आहे. 'हरिजन' हा वरून दिलेला शब्द नाकारून 'दलित' हे नाव अभिमानाने मिरवणाऱ्या तरुणांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली. सांगलीत १९९६ साली धंद्यातल्या स्त्रियांनी संघटना बांधली आणि नाव घेतलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. आम्हाला वर्गात जो शब्द टाळायला शिकवला, तोच त्यांनी फलकावर लिहिला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२ सालच्या आत्मकथनाचं नाव 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' असं आहे. या प्रत्येक ठिकाणी ज्यांनी घाव सोसला, त्यांनीच शब्द निवडला.

कायद्यालाही हे कळतं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. चारचौघांत जातीवाचक शिवी देणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो अनुसूचित जाती-जमातीची नसलेल्या व्यक्तीला लागू होतो. म्हणजे बोलणारा कोण, हे तिथे पाहिलं जातंच. "ते आपसात तसं बोलतात, मग आम्ही बोललो तर काय बिघडलं?" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. एका वस्तीतल्या माणसांच्या थट्टेतला शब्द आणि ज्याच्या शेतावर, ज्याच्या हाताखाली त्यांचं पोट आहे त्याच्या तोंडचा तोच शब्द, यांचं वजन सारखं नसतं.

पण 'आपल्यापैकी' म्हणजे नक्की कोण? इथे आपली गफलत होते. बाईने बाईला दिलेली शिवी बोथट असते का? समुपदेशन केंद्रात मी ज्या बायकांचं ऐकते, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना 'रांड' आणि 'वांझ' हे शब्द पहिल्यांदा सासूकडून, नणंदेकडून मिळालेले असतात. अर्जात आपण लिहितो, "घाणेरड्या शिव्या दिल्या," आणि पुढे जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मात्र अपमान, टोमणे, नावं ठेवणं, विशेषतः मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, यांना हिंसा म्हटलं आहे. ६ ऑक्टोबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, म्हणून आता बाईविरुद्धही त्याखाली दाद मागता येते. सासू बाई आहे म्हणून तिच्या तोंडच्या 'वांझ'ला धार कमी नसते, कारण घरातली सत्ता त्या क्षणी तिच्याकडे असते.

बायकांमधल्या सत्तेच्या या पायऱ्या घराबाहेरही असतात. २०११ च्या जानेवारीत कॅनडात टोरोंटोच्या एका पोलिसाने विद्यार्थिनींना सल्ला दिला, की अत्याचार टाळायचे तर 'स्लट'सारखे कपडे घालू नका. त्याच्या निषेधार्थ एप्रिलमध्ये स्त्रियांनी तोच शब्द घेऊन 'स्लटवॉक' काढला आणि ते लोण अनेक देशांत पसरलं. त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जाहीर पत्र लिहिलं. गुलामगिरीच्या काळापासून हाच शिक्का मारून आमच्या देहांवर बलात्कार झाले, हा शब्द मिरवणं आम्हाला परवडणारं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे माझ्या शिबिरातली बाई जे बोलली तेच. दिल्लीत ३१ जुलै २०११ ला असा मोर्चा निघाला, तेव्हा त्याला 'बेशर्मी मोर्चा' असं नाव जोडलं गेलं. 'बेशरम' हा शब्द इथे घराघरांतल्या मुलीला ऐकावा लागतो. तो उचलताना दुसऱ्या कोणाच्या जखमेवर पाय पडत नाही.

आणि आता आपल्या मोर्चांबद्दल. दाद न देणाऱ्या अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करायचा, हा आपला जुना कार्यक्रम. मीही एकदा बांगड्यांचं ताट धरून पुढे उभी होते. फोटो छान आला. पण त्या ताटाचा अर्थ काय होता? तू बाईसारखा आहेस, म्हणजे नालायक आहेस. बाईपणाचीच शिवी करून ती आपण आपल्या हाताने दिली. त्याच मोर्चांत सरकारला 'हिजडे' म्हणणाऱ्या घोषणाही आपण ऐकल्या आहेत, काही जणींनी दिल्याही आहेत. आज तृतीयपंथी मैत्रिणी आपल्या बैठकांना येतात. त्यांच्या देखत ती घोषणा देता येईल का? नसेल, तर त्यांच्या मागेही ती देता येणार नाही.

तेव्हा माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे. शब्द कोण बोलतं हे महत्त्वाचं आहेच, पण ते पुरेसं नाही. तो बोलल्यावर त्याची किंमत कोण मोजतं, हे विचारायचं. किंमत मीच मोजणार असेन, तर तो उचलायचा की पुरायचा हे ठरवण्याचा हक्क माझा. किंमत दुसरी कोणी मोजणार असेल, तर निर्णय तिचा. मी फक्त विचारू शकते आणि तिचं उत्तर ऐकू शकते. आणि माझ्यापेक्षा दुबळ्या माणसावर तो पडणार असेल, तर मी बाई आहे, पीडित आहे, चळवळीतली आहे, यांपैकी कुठलीच ओळख माझ्या कामी येणार नाही.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, अशाने आपली भाषा मिळमिळीत होईल, प्रत्येक घोषणेआधी परवानगी काढत बसायची का? मला तशी भीती वाटत नाही. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली आणि त्या बाईच्या परवानगीने तिचं म्हणणं मांडलं. मुलींपैकी एक जण चिडली. म्हणाली, "ताई, बसस्टॉपवर मला हाच शब्द ऐकवतात. मग तो माझा नाही का?" तिचाही प्रश्न खरा होता. तिच्यावर तो शब्द खोटा आळ म्हणून येत होता आणि दुसरीवर तिच्या पोटापाण्याची शिक्षा म्हणून, एवढाच फरक. त्यावर दोन तास वाद झाला. शेवटी त्या बाईनेच मार्ग काढला. मुलींनी 'मी रांड' म्हणायचं नाही, त्याऐवजी शिवी देणाऱ्याला विचारायचं, "हा शब्द बाईलाच का? जो गिऱ्हाईक म्हणून येतो त्याला काय म्हणता?"

८ मार्चला चौकात नाटक झालं तेव्हा हे वाक्य आल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. मागे उभे असलेले चार-पाच पुरुष हळूच निघून गेले. ती बाई तिच्या मुलीला घेऊन पुढच्या रांगेत बसली होती.

तुमच्या गटात, तुमच्या गावात कोणते शब्द उचलले गेले, कोणते पुरले गेले, आणि ते कोणी ठरवलं, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. माझ्या म्हणण्याशी मतभेद असेल तर तोही कळवा.